राहेलचं आधीचं नाव

वहिनी, तुला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादा आपल्या ख्रिस्ती साप्ताहिकात द्यायचा मजकूर लिहायला बसला. करुणा, सुधाकरची पत्नी, राहणार मुलुंड, अल्पशा आजारानंतर प्रभूमध्ये निजली. माझ्या भावाचं अक्षर इतकं वाकडं मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, "पुढे लिही, पूर्वीचं नाव शेवंती."

त्यानं मान वर केली नाही. "काय गरज आहे?"

"तिचं नाव आहे ते."

"होतं. माझ्याशी लग्न करताना सोडलं तिनं, विमल. माझ्यासाठी सोडलं. आता ती नाही म्हणून मी ते पुन्हा तिच्या अंगावर चढवू?"

"सोडलं, की सोडायला लावलं?"

तो उठून गॅलरीत गेला. चहा निवला. आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडायला लागले. कारण ह्याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बाईचं नाव हुडकायला तू मला नगर जिल्ह्याच्या उन्हात फिरवलंस, वाळवीनं खाल्लेले कागद वाचायला लावलेस, आणि स्वतःच्या नावाबद्दल ना नवऱ्याला काही बोललीस, ना मला.

तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. घाटकोपरच्या शाळेतून घरी येते, पर्स ठेवते, आणि काहीतरी घासायला घेते. डबे घासून झाले, पंखे पुसून झाले. तुझं कपाट उघडते, साड्यांना हात लावत नाही, बंद करते. दादा म्हणतो, "बस की जरा." बसले की तू बोलायला लागतेस, आणि मग तुला उत्तर द्यावं लागतं.

ह्या सगळ्याला निमित्त झाला आपल्या मंडळीचा महोत्सवी अंक. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सांगितलं, प्रत्येक घराण्यानं आपला इतिहास पानभर लिहून द्यावा. दादानं सवयीनं मान हलवली आणि घरी येऊन विसरला. मी पेपर तपासण्यात गुंतलेली. तू म्हणालीस, "मी लिहिते." मला हसू आलं होतं. आमच्या घराण्याचा इतिहास लिहिणार कोण, तर बाहेरून आलेली सून! भांडुपच्या औषधांच्या कारखान्यात दादाला भेटलेली, देवगडकडच्या गिरणी कामगाराची मुलगी. लग्न चर्चमध्ये व्हायचं म्हणून आधी बाप्तिस्मा झाला, आणि 'करुणा' हे नाव आमच्या आईनं निवडलं. तुला कुणी विचारलं होतं का? मला आठवत नाही. तुझ्या माहेरच्या लोकांनी तू बाटलीस म्हणून तुझं नाव टाकलं, आणि इकडे आई जिवंत असेपर्यंत पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायची, "आमची सून, नवीन ख्रिस्ती आहे." वीस वर्षं झाली तरी नवीनच.

आमच्या पणजोबांची माहिती काढणं सोपं होतं. थोमाजी उपदेशक. त्यांच्या मरणावर साप्ताहिकाच्या जुन्या अंकात दोन रकाने भरून लिहिलं होतं. किती गावांत सुवार्ता सांगितली, दुष्काळात काय काय सोसलं, शेवटच्या घटकेला कोणतं गीत म्हणवून घेतलं. तू मोठ्यानं वाचत होतीस, आणि शेवटच्या ओळीला थांबलीस. मागे पत्नी व पाच लेकरे असा परिवार.

"पत्नी," तू म्हणालीस. "कोण पत्नी? गीताचं नाव दिलंय, घोड्याचं नाव दिलंय, आणि बाईचं नाही?"

घोड्याचं नाव खरंच दिलं होतं.

त्या दिवसापासून तुझी स्वारी सुटली. शनिवारी माझी शाळा सकाळची. सुटले की तू फाटकाशी उभी. मिशनच्या त्या वाचनालयात साप्ताहिकाचे जुने अंक खाकी पुठ्ठ्यांत बांधून ठेवलेले, पान उलटलं की पिवळा भुगा मांडीवर. तिथले ग्रंथपाल कडक, आत पाण्याचा थेंब नेऊ देत नसत; तू पर्समध्ये चणे घेऊन जायचीस आणि ते पाठमोरे झाले की एकेक तोंडात टाकायचीस. मी शाळेत पोरींना ज्यासाठी अंगठे धरून उभं करते ते माझ्या शेजारी बसून माझी वहिनी करत होती.

आणि तुला ती अनोळखी माणसं आवडायला लागली. कुठल्या गावच्या सोनाबाईला साप चावला आणि ती तरी उपासनेला गेली, कुठल्या शिक्षकानं मरताना पत्नीची माफी मागितली. रात्री जेवताना ताटावर बसून सांगायचीस. दादा वैतागायचा. "करुणा, जेवताना मढी नकोत." तू म्हणायचीस, "मढी कुठली? इतकी जिवंत माणसं आपल्या बिल्डिंगमध्ये तरी आहेत का?"

मग आपण दोघी नगरकडच्या त्या जुन्या चर्चला गेलो. तिथल्या पाळकांनी बाप्तिस्म्याची नोंदवही टेबलावर ठेवली आणि बाजूला खुर्ची घेऊन बसले. थोमाजी सापडले. पूर्वीचं नाव तुका. गाव, वय, जात, सगळं भरलेलं. जातीच्या रकान्यात महार लिहिलं होतं. ते आम्हाला ठाऊकच होतं, फक्त आई ते कधी तोंडावर येऊ द्यायची नाही. त्याच्या खालच्या ओळीत, त्याची बायको. नाव राहेल. गाव, सदर. जात, सदर. आणि पूर्वीच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

तू त्या रेघेवर बोट ठेवलंस. पाळक म्हणाले, "बाई, बोट नका लावू, शाई उडते." तू बोट उचललं नाहीस. मलाच ते उचलून बाजूला करावं लागलं.

परतीच्या एसटीत आपलं भांडण सुरू झालं, आणि खरं सांगू, ते अजून चालू आहे. मी म्हटलं, "तिला जुनं नाव नको असेल. तुला काय माहीत गं, काय नाव असेल ते. आमच्या लोकांत पोरींची नावं काय ठेवायचे ऐकलंयस? धोंडी, दगडी, नकुशी. गावातल्या कुणीही यावं आणि त्या नावानं हाकारावं. राहेल म्हणून तिला पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखी हाक मारली असेल. तिनंच सांगितलं असेल, मागचं लिहू नका."

"आणि विचारलंच नसेल तर?"

"तू कशावरून म्हणतेस?"

"तुक्याला विचारलं ना! मग तिला पण विचारायचं. तिनं नको सांगितलं असतं तर तसं लिहायचं. रेघ का मारली?"

"तू उगाच जिथंतिथं अन्याय शोधतेस, वहिनी."

"आणि तू मास्तरीण असून रेघेला उत्तर समजतेस."

कल्याणपर्यंत आपण बोललो नाही. कल्याणला तू चणे पुढे केलेस.

पुढच्या पावसाळ्यानंतर वाचनालयात ती बातमी तुलाच सापडली. थोमाजींच्या बाप्तिस्म्याच्या आसपासचा अंक, गावोगावच्या खबरांचं पान. त्यात एवढंच होतं की नव्यानं ख्रिस्ती झालेल्या थोमाच्या पत्नीला तिच्या भावांनी माहेरी ओढून नेलं, कोंडून ठेवलं, आणि काही दिवसांनी ती लेकराला पाठीशी बांधून पायी परत आली. माहेरच्या गावाचं नाव दिलं होतं. तिचं नव्हतं.

मी आनंदानं तुझा दंड धरला. "बघ! स्वतःहून परत आली. तिला हेच हवं होतं."

तू अंक मिटून ग्रंथपालांना परत दिलास. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तू एकदम मालवणीत बोललीस. घरात तू कधी मालवणी बोलायची नाहीस. आईला ते गावंढळ वाटायचं. तू म्हणालीस, "तिका न्हेवक भाव तरी इले. माका न्हेवक कोणच इलो नाय."

मी काय बोलायला हवं होतं, वहिनी? तू पदरानं चष्मा पुसलास आणि विचारलंस, त्या गावाला कधी जायचं.

त्या गावात आता सगळी बौद्ध वस्ती. लोकांनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि दोन गल्ल्या हिंडवून सांगितलं की ज्या घरातली बाई ख्रिस्ती झाल्याचं ऐकलंय त्या घरातली माणसं कधीच मुंबईला गेली, कांजूरमार्गला राहतात. आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मुलुंडहून तीन स्टेशनं! तिथं जायला आपण नगर जिल्हा ओलांडून आलो होतो. तू पोट धरून हसलीस, आणि मग खरंच पोट धरून बसलीस. तेव्हा मी म्हटलं, उन्हानं झालं असेल.

कांजूरच्या त्या घरात भागाबाई होत्या. राहेलच्या भावाची नात. मुलगा टेलिफोन खात्यात, सून बँकेत, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. पंच्याहत्तरीच्या पुढच्या त्या म्हातारीनं तुझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. तू सगळं सांगितलंस. त्या ऐकत होत्या.

"व्हती," त्या म्हणाल्या. "आमच्या आज्याची बहीण व्हती एक. किरिस्तावात गेली. घरात तिचं नाव घेत नव्हते. 'गेलेली' म्हनायचे. गेलेली आसती तर तिनं आसं केलं आसतं, गेलेली लई देखणी व्हती. मला ल्हानपनी वाटायचं, हेच तिचं नाव."

"खरं नाव कुणालाच माहीत नाही?"

"आता कोन ऱ्हायलंय गं सांगायला?" आणि मग त्या हसल्या. "पर तुला कशाला पायजे ते? आम्ही बी मागचं टाकलंच की. नाव टाकलं, देव टाकले. माझी आई म्हनायची, पाठीवरचं वझं उतरलं. वझ्याला कुनी नाव इचारतं व्हय?"

मी तुझ्याकडे बघितलं. विजयानं नाही, पण बघितलं खरं. तू मान खाली घालून बशीतला लाडू मोडत होतीस.

स्टेशनच्या पुलावर तू थांबलीस. खाडीकडून कचऱ्याच्या डोंगराचा वास येत होता, आणि तू कठड्याला धरून उभी. मला वाटलं दम लागला. तू म्हणालीस, "त्यांचं बरोबर आहे, विमल. तुझंही बरोबर असेल. तुमच्या माणसांनी नाव टाकलं ते ओझं होतं म्हणून. पण मला माझ्या आईनं हाक मारली की मी शेताच्या दुसऱ्या टोकावरून धावत यायचे. ते ओझं नव्हतं गं."

इतकंच. गाडी आली आणि आपण चढलो. त्यापुढचं वाक्य असणार होतं, मला खात्री आहे. मी विचारायला हवं होतं की मग वीस वर्षं तू गप्प का बसलीस, दादाला एकदा तरी का नाही म्हणालीस, मला शेवंती म्हण. मला वाटलं, घरी गेल्यावर विचारू. घरी गेल्यावर तू सोफ्यावर आडवी झालीस आणि सोनोग्राफीचा कागद दुसऱ्या आठवड्यात आला.

दवाखान्यातले ते दिवस मी इथं लिहिणार नाही. तुला औषधांच्या कारखान्यातलं सगळं ठाऊक. सलाइनची बाटली बघून तू नर्सला बॅच विचारायचीस आणि ती बिचारी गोंधळायची. एकदा शुद्धीत असताना मला म्हणालीस, "अंकातलं पान मी लिहिलंय. राहेलबद्दल जे कळलं ते सगळं घातलंय. जे कळलं नाही तेही, कळलं नाही म्हणून लिहिलंय." मी म्हटलं, "आणि तुझ्याबद्दल?" तू डोळे मिटलेस. झोप लागली की सोंग केलंस, ते मला आता कधी कळायचं?

दादानं लिहिला तसाच मजकूर साप्ताहिकाकडे गेला. मी भांडले, हरले, आणि त्याच दुपारी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं. तुझ्या तोंडून तुझ्या भावाचं नाव मी एक-दोनदाच ऐकलं होतं. बाबली. आडनाव, गाव, तालुका देवगड, एवढ्यावर कार्ड टाकलं. शेवंती गेली, आजारी होती, मुलुंडला आमच्याकडे असायची, आणि खाली आपला पत्ता. पोचेल असं मला वाटलं नव्हतं. पोचलं तरी कोण येणार होतं?

तो परवा आला. मी दार उघडलं तर बाहेर तुझं नाक, तुझी हनुवटी, आणि पांढरी झालेली मिशी. हातात पिशवी, पायांवर एसटीची धूळ. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "शेवंतीचा घर ह्याच मां?"

ते नाव आपल्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी उच्चारलं नव्हतं. माझ्या मागं दादा उभा होता. मला वाटलं, आता तो काहीतरी दुरुस्त करेल. दादाचा चेहरा मी वळून बघितला नाही, मला धीर झाला नाही. फक्त आवाज ऐकला.

"हो," तो म्हणाला. "शेवंतीचंच घर. आत या."

बाबली खुर्चीच्या कडेवर बसला. चहा त्यानं हातातच धरला. कुणी काही विचारलं नसताना बोलत सुटला. "बापूस म्हणालो, जो तिच्याकडे जायत तेना हंय पाय ठेवचो नाय. मगे बापूस गेलो. तोवर गिरणीत संप झालो, गिरण बंद पडली, आमी गावाक परत गेलव. मगे खंयच्या तोंडान येतलंय? म्हटलंय, बरे दिवस येतीत तेव्हा जावया." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तां, शेवंती, माझी वाट बघी?"

मी हो म्हटलं. खरं म्हणून म्हटलं की त्याला बरं वाटावं म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही. चुकलं असेल तर सांग.

संध्याकाळच्या आत त्याला दफनभूमीत नेलं. तुझ्या जागेवर अजून माती उंच आहे, दगड बसलेला नाही. फुलं सुकून गेली होती. बाबलीनं चपला लांब काढल्या आणि गोंधळून उभा राहिला. हात जोडायचे की काय करायचं, त्याला समजेना. त्यानं दादाला हळूच विचारलं, "हंय काय करतत?"

दादा म्हणाला, "तुमच्यात करतात ते करा."

त्यानं पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला अबोलीच्या फुलांचा वळेसर काढला, मातीवर ठेवला, आणि उकिडवा बसून तुझ्याशी बोलायला लागला. साध्या आवाजात, ओसरीवर बसल्यासारखा. शेवंते, आयेची विहीर आटली. शेवंते, गोरवांच्या मांगराचा छप्पर गेल्या पावसात पडला. धाकट्याच्या चेडवाक तुझ्यासारखा नाक आसा. तू जांभळीवर चढललंस आणि खाली पडललंस, हनुवटी फुटली, आणि मार माका बसलो, आठावता? मी लांब सरले. हे ऐकायचा हक्क मला आहे की नाही, मला कळेना.

दादा मात्र तिथंच उभा होता. हनुवटीवरची ती खूण त्यानं लग्नाच्या दिवसापासून पाहिली होती, आणि ती कशानं झाली हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं, तू कधी सांगितलं नव्हतंस. बाबली बोलता बोलता थांबला. दादानं पँट गुडघ्यांशी वर ओढली, त्याच्या शेजारी मातीत खाली बसला आणि म्हणाला, "जांभळीचं अजून सांगा. केवढी होती तेव्हा ती?"